बिनकिल्लीचं कुलूप

"तोडायचं तर आत्ता तोडतो," फौजदाराने पेटीवरचं कुलूप काठीने हलवलं. "पण मला त्याची खुबी पाहिजे. बोल."

कुलपं घडवणारा शालिग्राम खाली मान घालून उभा राहिला. तसा भित्राच माणूस तो, पोळ्याला बैलांपासूनही लांब उभा राहणारा.

पेटी सुभद्राबाईची होती. अडत्या उत्तमरावांच्या घरातून सोन्याचा गोफ गेला होता आणि ती तिथे धान्य निवडायला जायची, म्हणून संशय तिच्यावर. पेटी तिच्याच घराच्या ओसरीत ओढून आणली होती. अर्धं धामणगाव बढे गाव अंगणात जमलं होतं.

"मी चोरी केली नाई, आन् पेटीबी उघडत नाई," एवढंच बोलून सुभद्राबाई खांबाला टेकली होती. सासू अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात बसून होती.

शालिग्रामच्या कुलपाला किल्ली नसे. दाबायचं तिथे दाबलं की ते उघडे. किल्लीच नाही, तर सासू मागणार काय आणि नवरा हिसकावणार काय? बायकांचा त्या कुलपावर भारी जीव. विकताना तो खुबी कानात सांगे, "तुह्या आन् माह्याच मंधी" म्हणे आणि बाई पहिल्यांदा कुलूप उघडून पाही तोवर भिंतीकडे तोंड करून उभा राही.

आता खरी गोष्ट अशी, की शालिग्रामला खुबी एकच येत होती. गावात त्याची जितकी कुलपं, तितक्यांची तीच. कुणालाही शेजारणीची पेटी सहज उघडता आली असती, पण करून पाहावं असं एकीच्याही मनात आलं नव्हतं. अन्नपूर्णाबाईच्या पेटीलाही त्याचंच कुलूप होतं. सून पेटीत काय लपवते, यावरून तिने इतकी वर्षं घर डोक्यावर घेतलं होतं, तरीही.

"सगळ्याच कुलपांच्या खुब्या सांग, गावातल्या पेट्या गुपचूप बघून घेईन," फौजदार समजुतीने म्हणाला. "कुणाला कळणारही नाही. ज्याने काही केलं नाही त्याला भीती कसली?"

"मंग थे जमादारालेबी कळन, साहेब. त्याच्या घरच्यायलेबी कळन."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय. पर तुमी बदलीवर निंघून जासान."

फौजदाराचा चेहरा उतरला. "बरं, बाकीची राहू दे. या एकाच कुलपाची सांग."

शालिग्रामला घाम फुटला. एकाची सांगितली की सगळ्यांची सांगितली, आणि हे त्याला बोलूनही दाखवता येईना.

"इसरलो, साहेब."

काठी त्याच्या बोटांवर बसली. मग पुन्हा बसली.

"सांगून टाका, शालिग्रामभाऊ," सुभद्राबाईचा आवाज फुटला. "माह्यापायी काऊन मार खाऊन राह्यले?"

"इसरलोच मी," तो म्हणाला.

शेवटी त्याच्याच दुकानातून हातोडा आणवला आणि कुलूप फोडलं. फौजदाराने झाकणाला हात घातला, तसं शालिग्रामने भिंतीकडे तोंड केलं. सवयच ती.

कुणाला काही उमजेना. मग अन्नपूर्णाबाई गुडघा धरून उठली आणि तिने पेटीकडे पाठ केली. तिच्यामागून बायका वळल्या. पुरुषही खाकरत वळले. पेटीत पाहणारा फौजदार एकटाच उरला.

आत काय होतं, ते त्याने सांगितलं नाही. गोफ नव्हता, एवढं नक्की, कारण रिकाम्या हातानेच तो निघून गेला. सुभद्राबाईने झाकण लावलं.

अन्नपूर्णाबाई आत गेली. आपल्या पेटीचं कुलूप तिने काढून आणलं आणि सुनेच्या हातात ठेवलं.

"हे लाव. याची खुबी निराळी हाय," म्हणत ती सुनेच्या कानाशी वाकली.

सुभद्राबाईने ऐकलं. शब्दन् शब्द तीच खुबी. तिने शालिग्रामकडे पाहिलं. सुजलेली बोटं काखेत दाबून तो अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता.

"बरं झालं सांगतलं, आत्याबाई," ती म्हणाली. "मले कवाच समजली नसती."