हुंडा नको, फक्त दाणे

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचा चहा झाला तरी नात मांडीवरची पर्स खाली ठेवीना. आजीच्या नजरेतून ते सुटलं नाही. चोरी केल्यासारखी का बसलीये ही पोर?

नात फळांच्या रसाच्या कारखान्यात केमिस्ट. गढूळ रस नितळ करणारं एन्झाइम ती बारीक सच्छिद्र दाण्यांत पक्कं बसवते. एकदा तिनं आजीला समजावलं होतं, "रस भोकांतून आत जातो, साफ होऊन बाहेर पडतो. एन्झाइम आतच राहतं. तेच पुन्हापुन्हा कामाला लावायचं."

"म्हणजे सूनच की ती! आत कोंडायची आणि राबवायची."

"पण आजी, भोकं बुजली तर तिच्या हातून काही होत नाही," नात हसून म्हणाली होती. आज ती हसत नव्हती.

मुलाच्या बापाचाही रसाचाच कारखाना. त्यानं घसा खाकरला. "हुंडाबिंडा काही नको हं आजी. आम्ही सुधारलेली माणसं. मुलीनं फक्त ते दाणे आणावेत, कसे करायचे ते सांगावं. पुढं घरीच करील. नोकरीची दगदग हवी कशाला?"

"आणलेत ना तिनं!" नातीची आई, म्हणजे आजीची सून, लगबगीनं म्हणाली. "काढ गं बरणी. मूठभर दाण्यांनी कुणाचं दिवाळं निघत नाही."

काचेची छोटी बरणी टेबलावर आली. पाण्यात मोहरीएवढे पांढरे दाणे. नातीचा हात मात्र झाकणावरून निघेना.

"आई, नोकरी जाईल. चोर म्हणतील मला."

"आणि लग्न मोडलं तर काय म्हणतील?"

मुलाच्या बापानं हात पुढे केला. त्याच्याआधी आजीनं बरणी उचलली.

"सुधारलेली माणसं म्हणे! पूर्वीचे निदान तोंड उघडून मागायचे. तुम्हाला पोरीच्या हातून चोरी हवी, वर पोरही कोंडून हवी."

"आजी, शब्द जपून!"

"जपूनच बोलतेय, नाहीतर चहा परत मागितला असता. या दाण्याला भोकं तरी आहेत. तुमच्या घराला एक दिसेना मला."

पाहुणे तडक उठले. मुलगा मान खाली घालून बापामागून गेला.

"आता हिला कोण करणार?" सून रडकुंडीला आली.

आजीनं बरणी नातीच्या हातात दिली. "साहेबांपुढे ठेव, खरं ते सांग. काय व्हायचं ते होईल."

"उद्या... तू येशील?"

"उद्या कशाला? आत्ताच. चपला कुठं गेल्या माझ्या?"

डोळे पुसत सुनेनंच त्या आणून पुढ्यात ठेवल्या.