तुरटीचा स्फटिक

दीनानाथांनी बरणी कपाटावर ठेवली आणि सगळ्या घराला तंबी दिली, कुणी हात लावायचा नाही. बरणीत गरम पाण्यात विरघळवलेल्या तुरटीचं दाट द्रावण आणि त्यात दोऱ्याला टांगलेला तुरटीचा इवलासा स्फटिक. नात स्पृहाच्या शाळेत सोमवारी विज्ञान प्रदर्शन होतं. निवृत्त शास्त्र-शिक्षक घरात असताना प्रयोग विकत आणणं म्हणजे कुळाला बट्टाच.

"टेकडीवरचा काळा दगड हा खडक," ते स्पृहाला सांगत. "त्यात खनिजं भेळेसारखी मिसळलेली. खनिज म्हणजे त्यातला एकेक जिन्नस. त्या जिन्नसाचे कण शिस्तीत ओळीनं बसले की स्फटिक."

"मग खडकात स्फटिक नसतात?"

"असतात की. पण लाव्हा भराभर निवला, म्हणून बारीक राहिले, डोळ्यांना दिसत नाहीत. मोठा हवा तर थांबायची तयारी पाहिजे."

थांबणं स्पृहाच्या बापाला, आमोदला, कधी जमलंच नव्हतं. हिंजवडीच्या कंपनीत तर त्याला घाई करण्याचाच पगार मिळे. रविवारी स्फटिक जेमतेम हरभऱ्याएवढा झाला होता. दुपारी जेवून वारज्याचा तो फ्लॅट झोपला. पुण्यात एक ते चार भूकंपसुद्धा विचारून येतो. निवलं की स्फटिक वाढतो, एवढं आमोदला शाळेतलं आठवत होतं. त्यानं बरणी फ्रीजमध्ये ठेवली आणि तोही आडवा झाला.

उठून पाहतो तर दोऱ्याभोवती पांढरा गोळा आणि तळाशी साखरेसारखा थर. घाम आलेली बरणी त्यानं पुसली, गारवा जाईपर्यंत बाल्कनीत उन्हात ठेवली आणि गुपचूप कपाटावर चढवली.

चहाच्या वेळी स्पृहा रडायला लागली. दीनानाथांनी बरणी खाली काढून उजेडात धरली.

"तुरटी दोनदा घातली असणार मी," ते म्हणाले. "परवा गॅसही चालू राहिला होता ना माझ्याकडून?"

आमोदनं तोंड उघडलं आणि त्यात बिस्किट घातलं. प्रदर्शन होऊ दे, मग सांगू, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं तर तो भ्यायला होता.

रात्री त्याला झोप लागली नाही. सोमवारी प्रदर्शन पार पडलं, तो दिवसही तसाच गेला. मंगळवारी तो घरी आला तेव्हा सोसायटीतली मुलं दीनानाथांच्या संध्याकाळच्या शिकवणीला आलेली नव्हती. त्या मुलांसाठी तर म्हातारा दुपारपासून दाढी करून तयार असे.

"मीच नको म्हटलं," दीनानाथ म्हणाले. "त्यातल्या चैतालीची दहावी आहे. काही चुकीचं शिकवलं तर? आता माझा मलाच भरवसा नाही."

आमोदनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "बाबा, तुम्ही चुकला नव्हतात. बरणी मी फ्रीजमध्ये ठेवली होती. एकदम निवलं म्हणून गोळा झाला. माझं चुकलं, बाबा."

दीनानाथांचे डोळे भरून आले.

"तसं असतं तर रविवारीच बोलला असतास," ते म्हणाले. "पोरगी समोर रडत होती, मी स्वतःला बोल लावत होतो, आणि तू गप्प बसला असतास? माझ्या मुलाला मी ओळखत नाही होय?"

"अहो बाबा, खरंच..."

"पुरे. बापाचं मन राखायला खोटं बोलू नये." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग ते भिंतीवरचा शिकवणीचा फळा काढायला उठले.

"जड आहे," ते म्हणाले. "जरा पलीकडून धर."

आमोदनं धरला.