गिरणीपाशी डावीकडे

जिल्ह्याच्या नकाशावर अंगठा ठेवला, की आमचा अख्खा टापू झाकला जातो. एक टेकडी, एक ओढा, तीन रस्ते, संपलं. पण कुणाला पत्ता विचारा, की पणजोबांच्या काळापासून सुरुवात. गिरणीपाशी डावीकडे, स्टेशनवरून वर, जुना पूल सोडून पुढे. गिरणी माझ्या जन्माआधीच जळाली. स्टेशनचे रूळसुद्धा उचलून नेले. पूल पुरात गेला. तरी आम्ही सगळे अजून त्यांच्यापाशीच वळतो. त्यात बाबा इथले पोस्टमन, म्हणजे आमच्या घरात तर ही खोड रक्तातच.

त्या दुपारी बाबा ओट्यावरून उठून आत आले आणि छाती धरून जमिनीवरच बसले. सदरा घामाने भिजलेला. घरात मी एकटी. मी रुग्णवाहिका बोलावली. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन आला.

"ताई, मोबाईलवरचा नकाशा इथे संपला. पुढे कसं येऊ?"

"सरळ या, गिरणीपाशी डावीकडे वळा!"

"बरं," तो म्हणाला. फोन चालूच होता. इंजिनाचा आवाज येत राहिला, येतच राहिला.

"ताई, गिरणी कुठाय? मी पार ओढ्यापाशी आलोय."

"अहो, गिरणी आता नाहीये तिथे!"

"मग मी वळायचं कुठे?"

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "त्याला सांग... मागे फीर. स्टेशनवरून वर ये."

"स्टेशन नाहीये, बाबा!" मी ओरडलेच. आजारी माणसावर ओरडले, पण माझा जीव टांगणीला लागला होता. "आता काय आहे तिथे? आत्ता?"

बाबांनी डोळे मिटले. रोज त्या वळणावरून जाते, पण तिथे काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"दादा, मागे फिरा. वाटेत काय काय दिसतंय तेवढं सांगत या."

गाडी वळवताना त्याने एक शिवी हासडली. मग सांगू लागला, "बाभळी... पाण्याची टाकी... निळी पत्र्याची शेड, बाहेर टायर रचलेत."

निळी शेड! माझ्या चुलतभावाचं गॅरेज. गिरणीच्याच जोत्यावर बांधलेलं.

"तीच गिरणी! शेडला वळसा घालून वर या, दादा, लवकर!"

रुग्णवाहिका दारात आली तेव्हा माझ्या मनगटावरची बाबांची बोटं सैल पडली होती. हॉस्पिटलच्या वाटेवरच ते गेले. जरा आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. मला सगळ्या टापूचा राग आला. त्या जळक्या गिरणीचा तर इतका, की पुन्हा जाळावीशी वाटली.

तेव्हापासून मी पत्ता नीट सांगते. निळी शेड, पाण्याची टाकी, जे आहे तेच. परवा कुरिअरवाल्याचा फोन आला.

"ताई, शेडपासून वर आलो. घर कुठलं?"

मी भाजी चिरत होते. हात न थांबवता म्हणाले, "या सरळ. बाबा बसलेत ना ओट्यावर, तेच घर."

पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला.

"ओटा दिसतोय, ताई," तो म्हणाला. "पण इथे कुणी बसलेलं नाहीये."