अकरा बायांचं वजन

हेमराजभाऊंची जीप पुरुष माणसासमोर शिट्टी मारत नव्हती.

आम्ही अकराजणी बसून रेल्वेपुलाच्या चढाला लागलो, की बॉनेटखालून बारीक शिट्टी निघायची. मग तिची फुसफुस व्हायची, गाडीचा दम जायचा आणि मागून काळा धूर. हेमराजभाऊ एकटे फिरवून आणत तेव्हा गाडी गप्प. यावरून त्यांनी ठरवलं की आवाज गाडीतून येत नाही, बायांतून येतो.

"तुमी गाथा म्हणता नं सुमित्राबाई, त्याच घुमत असन आत," ते मला म्हणाले.

हेमराजभाऊ आमच्या सिंदी मेघेच्या विहार समितीचे सचिव. दर अष्टमीला आणि पौर्णिमेला ते आम्हा उपासिकांना आपल्या जीपमधून देवळीच्या विहारात पाठवतात, आणि आम्ही पोचायच्या आधीच पोचल्याचा फोटो ग्रुपवर टाकतात. मागच्या वेळचा असतो, पण पांढऱ्या साड्या सगळ्या सारख्याच दिसतात.

शिट्टी सुरू होऊन पंधरा दिवस झाले तेव्हा त्यांना वाटलं, जाणकाराला दाखवावं. त्यांनी भूपेंद्रला बोलावलं.

मी रोज सकाळी पंचशील घेते. खोटं बोलणार नाही, कुणाला लागेल असं बोलणार नाही. त्यामुळे भूपेंद्रविषयी एवढंच सांगता येतं, की तो हेमराजभाऊंचा साळा आहे आणि वर्ध्याला त्याचं सीटकव्हरांचं दुकान आहे. दुकानासमोर गाड्या उभ्या राहतात, म्हणून आपल्याला इंजिन कळतं, असं त्याचं मत. हेमराजभाऊंना दुसऱ्या मताची गरज पडत नाही.

विहाराच्या अंगणात गाडी उभी करून भूपेंद्रनं बॉनेट उघडलं. मिस्तरी लोक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकतात. भूपेंद्रनंही लावली. टोक बॅटरीवर होतं. तरी त्याला पुष्कळ ऐकू आलं.

"टर्बो गेला," तो म्हणाला.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरगरणारा पंखा. तो जास्तीची हवा दाबून इंजिनात ढकलतो, म्हणून एवढीशी गाडी एवढं ओझं ओढते. लांबून आल्यावर गाडी लगेच बंद केली तर हा तापलेला पंखा तेलावाचून जळतो. गाडी थांबवून मिनिटभर इंजिन चालू ठेवावं लागतं. भूपेंद्रनं हे सगळं बरोबर सांगितलं. शेवट मात्र आपल्या मनाचा जोडला.

"तुमचा ड्रायवर ठेवते का चालू? आला की चाबी काढते आन् निंगते. त्यानंच जाळला."

ड्रायव्हर सूरज बाजूलाच उभा होता. कारंज्याकडचा गोंड माणूस, पस्तिशीचा, मोजकं बोलणारा. सहा वर्षं हीच जीप चालवतो. घरी बायको रुपा आणि शाळेत जाणाऱ्या दोन पोरी.

"भाऊ, टर्बो गेला असता तं आवाज कवाई आला असता," तो म्हणाला. "ही हवा सुटून राह्यली कोठंतरी. मी खोलून पाहू का?"

"तू बॉनेटले हात लावू नको," हेमराजभाऊ म्हणाले. "लावला तितका पुरे झाला."

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, की ड्रायव्हर सूरज याच्या निष्काळजीपणामुळे गाडीचा टर्बो जळाला असून पौर्णिमेनंतर त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. दोनशे ब्याऐंशी माणसं त्या ग्रुपवर. चार जणांनी खाली हात जोडले. दुसऱ्या दिवशी सूरज तीन गाडीवाल्यांकडे काम विचारायला गेला, आणि तिघांनीही त्याला मोबाईल काढून दाखवला.

मला हे खोटं आहे हे ठाऊक होतं. देवळीला गाडी थांबली की मी लगेच उतरत नाही, बसल्या जागी त्रिसरण म्हणते. तीन वेळा बुद्धाला शरण, धम्माला, संघाला. सावकाश म्हटलं तर सव्वा मिनिट लागतं. सहा वर्षांत एकदाही सूरजनं माझं त्रिसरण संपायच्या आत इंजिन बंद केलेलं नाही. हे मी हेमराजभाऊंना सांगितलं.

ते हसले. "सुमित्राबाई, तुमी प्रार्थना पाहा. इंजिन आमच्यावर सोडा."

म्हणून कार्तिक पौर्णिमेच्या सकाळी मी फक्त एवढं म्हटलं, "भूपेंद्रभाऊ, आज तुमीबी चाला नं आमच्यासंग देवळीले. हेमराजभाऊ, तुमीबी. जेवण चांगलं रायते तिथं."

जेवणाचं ऐकून दोघं आले.

आम्ही सकाळीच आमच्या विहारातल्या भंतेजींकडून अष्टशील, म्हणजे एका दिवसाचे आठ नियम, घेतलं होतं. त्यात उंच, मऊ आसनावर बसायचं नसतं, पण त्या जीपच्या सीटा इतक्या दबलेल्या, की शील मोडायची भीती नव्हती. दुसरं म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नसतं, थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. त्यामुळे अकराला निघालो. हेमराजभाऊ पुढे, भूपेंद्र मधे कांता आणि अनुसयाबाईच्या मधोमध, अंग चोरून. कांता माझ्या शेजारच्या घरातली, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण.

पुलाच्या चढावर शिट्टी सुरू झाली.

"आयका," कांता म्हणाली. "आमी कोणीच गाथा म्हणून नाई राह्यलो."

फुसफुस वाढली. गाडी धापा टाकू लागली. मागे मोटरसायकलवाला धुरात दिसेनासा झाला.

"टर्बोच हाय," भूपेंद्र म्हणाला.

पूल उतरून सूरजनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. मी मोठ्यानं त्रिसरण म्हणायला लागले, बाकीच्या दहाजणींनीही धरलं. हेमराजभाऊंना हात जोडावेच लागले. तिसरं संघं सरणं गच्छामि झालं आणि मग इंजिन बंद झालं.

"रोज असंच रायते," मी हेमराजभाऊंना म्हटलं. मग सूरजकडे वळले. "आता खोल ते बॉनेट."

सूरजनं मालकाकडे पाहिलं.

"त्याह्यच्याकडे काय पायतं," अनुसयाबाई म्हणाली. "त्याह्यनं पाहून पंधरा दिस झाले."

टर्बोपासून निघणाऱ्या रबराच्या जाड नळीवरून सूरज हात फिरवत खाली गेला. पुढच्या जाळीमागे एका जागी त्याचा हात थांबला. बाकी नळीवर कोरडी धूळ होती, तिथे मात्र तेलकट काळा चिखल. त्यानं नळी दाबली, आणि बोटभर लांबीची चीर ओठासारखी उघडली. सोडली की मिटली.

"उभ्या गाडीत हवेचा दाब नाई, तं हे मिटून रायते," तो म्हणाला. "एकटा माणूस घेऊन गेला तरी दाब कमीच. अकरा बाया आन् चढ, तवा टर्बो जोर लावते. मंग हे उघडते."

"आन् चिरली कशानं?" कांतानं विचारलं.

सूरजनं बोट दाखवलं. नळीला घासून एक लोखंडी पट्टी होती, धारेची, नवी. पट्टीवर भोंगा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचं म्हणून भूपेंद्रनं तो आपल्या हातानं बसवला होता, पाच सुरांचा.

भूपेंद्रनं वाकून पाहिलं. "पट्टी कंपनीचीच हाय," तो म्हणाला.

कांता पदराआड हसली. मी नाही हसले. शील होतं.

सूरजनं पंक्चरच्या सामानातला जुनी ट्यूब कापून चिरेवर घट्ट आवळली, पट्टी वाकवून दूर केली. साडेअकरा वाजले होते.

"चाला, बसा बसा," हेमराजभाऊ टाळ्या वाजवत म्हणाले. "बाराच्या आत पोचलो पायजे."

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "सूरजले काय म्हणायचं ते म्हणून घ्या, भाऊ. मंग बसतो."

"म्हणू नं. देवळीले गेल्यावर म्हणू."

"ग्रुप इथंबी चालते."

कांता माझ्याजवळ येऊन बसली. मग अनुसयाबाई. मग सगळ्या.

हेमराजभाऊंनी आम्हाला समजावलं. देवळीचे भंतेजी वाट पाहत असतील, तिथल्या बायांनी पहाटेपासून स्वयंपाक केला असेल, आणि उपाशी राहून नुकसान आमचंच, त्यांचं काहीच नाही. सगळं खरं होतं. आम्ही हो हो म्हणत ऐकलं.

सूरज माझ्याजवळ आला. "राहू द्या मावशी. तुमचं जेवण सुटन."

"आमाले सवय हाय," मी म्हटलं. "तुले गाडी सुटायची सवय नाई."

पावणेबारा झाले. हेमराजभाऊ जीपला प्रदक्षिणा घालत होते. बाराला दहा कमी असताना त्यांनी टायरकडे पाहून म्हटलं, "झाला असन काही गैरसमज."

"टायरचा का?" कांतानं विचारलं.

बारा वाजले. मोबाईलवर पाहून मी तेही सांगितलं. एकदा वेळ टळली, की मग आम्हाला घाई कशाची? हे त्यांच्या ध्यानात यायला अजून दहा मिनिटं लागली. मग त्यांनी मोबाईल काढला. पहिल्यांदा लिहिलं, की तांत्रिक बिघाड दूर झाला आहे. कांतानं वाचलं आणि नापास केलं. दुसऱ्यांदा भूपेंद्रचं नाव नव्हतं. तिसऱ्यांदा ते आलं, भोंगाही आला, सूरजची चूक नव्हती हे आलं, आणि तो कामावर राहील हेही. माफीचा शब्द कांतानं अक्षर अक्षर सांगितला. संदेश गेल्याची टिंग अकरा पिशव्यांतून एकदम वाजली.

सूरजनं आपला मोबाईल काढून तो दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि दार उघडून बसला.

"भाऊ, एक सांगू का?" तो काचेतून म्हणाला. "आजपासून बॉनेट मीच खोलीन. बाकी कोणी नाई."

"बरं बाबा," हेमराजभाऊ म्हणाले. "चाल आता, भूक लागली."

देवळीला पोचेपर्यंत पाऊण वाजला. पंगत मांडलेली होती, वरण, भात, गूळ घातलेली खीर. आम्ही अकराजणी हात जोडून भिंतीशी बसलो आणि पाणी प्यालो. हेमराजभाऊ आणि भूपेंद्र जेवायला बसले. वाढणाऱ्या बाईला हेमराजभाऊ सांगत होते, की नळीचा संशय त्यांना पहिल्या दिवसापासून होता.

सूरज अजून आला नव्हता. अंगणातून इंजिनाचा आवाज येत होता. तो बंद झाला, आणि सूरज हात धुऊन हेमराजभाऊंच्या शेजारच्या पाटावर येऊन बसला.