सुकन्याचा रविवार

"मावशी, हेडसरांनी ऑफिसात बोलावलंय. आत्ताच्या आत्ता." शाळेचा शिपाई गहिनीनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला.

रंगुबाईने नुकतेच दीडशे पोरांच्या खिचडीचे तांदूळ आधणात टाकले होते. "आता हालले तर खाली लागंल."

"मी बघतो खिचडीकडं. तुमी जावा."

एरवी चेष्टेशिवाय न बोलणारा गहिनीनाथ आज तिच्याकडे बघत नव्हता. तिने पदराला हात पुसले आणि निघाली.

ऑफिसात तिघं बसले होते. हेडसर, उपसरपंच कल्याण आणि संस्थेचे अध्यक्ष शामकांत सर. शामकांत सरांनी याच शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. स्वतःच्या लेकीला, मनवालाही आणि रंगुबाईच्या लेकीला, सुकन्यालाही. दोघी दहावीपर्यंत एका बाकावर बसत. आता दोघी फ्रान्समध्ये दिजों नावाच्या शहरात शिकत होत्या. सुकन्या राहुरीहून कृषी पदवी घेऊन माती-पाण्याचं शिकायला सरकारी शिष्यवृत्तीवर गेली होती. मनवा खाद्यविज्ञान शिकत होती, तिला तिथल्या विद्यापीठानेच शिष्यवृत्ती दिली होती.

दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण रंगुबाईला कोणी बस म्हणालं नाही.

कल्याणने मोबाईल पुढे धरला. "ही तुमची सुकन्याच ना?"

फोटोत दगडी पूल होता. मागे जुन्या किल्ल्याचे गोल बुरूज. पुलावर लाल कोट घातलेली सुकन्या दोन्ही हात पसरून हसत होती, अगदी सगळे दात दिसतील अशी. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'सरकारच्या पैशावर फ्रान्समध्ये मौजमजा.' कालपासून तो फोटो गावच्या ग्रुपवर फिरत होता.

"तीच हाय. मग?"

"मग काय? लोक इचारत्यात, शिकाया गेली का फिराया? शिष्यवृत्तीच्या कार्यालयात तक्रार चाललीय. वीस जनांच्या सह्या झाल्यात."

हेडसरांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. "मावशी, प्रकरण वाढायला नको. एवढ्यावर सही करा. शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, त्यात मनवाबरोबर सुकन्याचंही नाव आहे. उगाच तेव्हा कोणी बोट दाखवायला नको."

रंगुबाई चौथी शिकलेली. तिने कागद उचलला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. 'माझ्या मुलीकडून चूक झाली असून तिला समज दिली आहे. यापुढे ती फक्त अभ्यासाकडे लक्ष देईल.'

"चूक कोन्ती?" तिने विचारलं.

हेडसरांनी पेन उघडून कागदाशेजारी ठेवलं.

"सर, ह्या फोटोत दुसरी पोरगी हुती. सुकन्यानं मला आख्खा फोटो धाडला हुता. हिकडं कडंला मनवा हुती. तिला कुनी कापलं?"

कल्याणने मोबाईल खिशात घातला. शामकांत सर खाकरले. ते तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, आजही बोलले नाहीत. "रंगुबाई, मनवाचं वेगळं आहे. तिची शिष्यवृत्ती तिथल्या विद्यापीठाची आहे. सुकन्याचा पैसा जनतेचा आहे. जनतेच्या पैशाला थोडं भान ठेवावं लागतं, इतकंच. मी तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

"मंजी मनवा बी दुसऱ्याच्याच पैशावर गेली."

"तसं नाही ते."

"कसं हाय मग?"

हेडसर म्हणाले, "मावशी, सरांशी बोलताना जरा—"

"मी काय वंगाळ बोलले का? शनवार-ऐतवार कालिज बंद असतंय. दोघी एकाच गाडीनं गेल्या, एकाच पुलावर हुब्या ऱ्हायल्या. एकीचा सत्कार आन दुसरीची चूक." तिने कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवली. "मी सही करनार न्हाई."

ती परतली तेव्हा खिचडी खाली लागली होती. गहिनीनाथ डाव धरून ओशाळा उभा होता. तिने त्याला काही म्हटलं नाही. वरची खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढली, पोरांना वाढली, आणि करपलेलं पातेलं घेऊन नळावर बसली. करपलेला थर तिने नको इतक्या जोराने खरवडला. ती घाबरली नव्हती. भीती तिला चांगली ओळखीची होती. सोळा हंगाम तिने नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर, ऊस तोडला होता. मुकादमाची भीती, रात्री ऊस भरायला येणाऱ्या गाडीची भीती, पाचटाच्या कोपीत एकट्या राहिलेल्या लेकीची भीती. त्या सोळा हंगामांत रविवार कोणता आणि सोमवार कोणता हे तिला कधी कळलं नव्हतं, आणि बाई तुला सुट्टी का नाही, असं गावातल्या एकानेही तेव्हा विचारलं नव्हतं. आसारामची पाठ गेली म्हणून तोड सुटली आणि तिला हे शाळेतलं काम मिळालं. आता लेकीला एक रविवार मिळाला, तर वीस जणांनी सह्या केल्या होत्या.

दीड वाजता तिने फोन लावला. तिकडे अजून सकाळच होती.

"आई, मला कळलंय," सुकन्या लगेच म्हणाली. "मी काढून टाकले फोटो. सगळे."

"कुनाला इचारून काढले?"

"जाऊ दे ना आई. तिकडं तुला त्रास नको. तुझं काम आहे शाळेत."

"माझ्या कामाचं मी बघीन. मनवा काय म्हनली?"

"तिला वाईट वाटलं. म्हणाली, बाबांशी बोलते. बोलली का नाही, माहीत नाही."

रंगुबाईने फोन दुसऱ्या कानाला धरला. "बरं. तू मला सांग, काय काय बघितलं."

"आता?"

"मंग कवा? फोटो तर काढून टाकलेस. सांग आता त्वांडानं."

सुकन्या आधी अडखळत बोलली. गाडीने तासभर, मग बस. भाकरी आणि लोणचं बांधून नेलं होतं. पहिलं गाव पुलाचं, सम्यूर. आपल्या खर्ड्याच्या किल्ल्याएवढेच बुरूज, पण त्यांच्या खाली लोक राहतात, खिडक्यांत कुंड्या ठेवतात. मग दुसरं गाव डोंगरावर, फ्लाविन्यी. सगळं मिळून आपल्या वाडीएवढं. तिथे शेकडो वर्षं एकच गोळी करतात. मध्ये बडीशेपेचा एक दाणा, आणि त्यावर साखरेचा लेप, पंधरा-पंधरा दिवस फिरवून चढवलेला. अख्ख्या गावात बडीशेपेचा वास येतो.

"आपल्या बडीशेपेचा?"

"जवळजवळ तीच गं. मी तिथं उभी राहिले आणि मला एकदम हसू आलं. इतक्या लांब येऊन बडीशेप." सुकन्याचा आवाज मोकळा झाला होता. "आणि आई, तिथं रविवारी सगळं बंद असतं. दुकानंसुद्धा. एका म्हाताऱ्या बाईला मी विचारलं, तर ती म्हणाली, आज कोणी काम करत नाही. जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं."

रंगुबाई ऐकत राहिली. तासाची घंटा झाली तरी तिने फोन ठेवला नाही.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसं जमली. रंगुबाई पहाटेपासून चुलीपाशी होती. जेवणाला पुरी-भाजी आणि शिरा होता. सत्काराच्या यादीतून सुकन्याचं नाव गेलं होतं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, फळ्यावर लिहिलेली यादी तिने जाता-येता वाचली.

अकराच्या सुमारास हॉलमधून शामकांत सरांचा आवाज आला. मनवाने शाळेसाठी एक लेख पाठवला होता, तो ते वाचत होते. रंगुबाई झारा तसाच हातात घेऊन दारापाशी आली. पडद्यावर तो दगडी पूल होता. पुलावर मनवा एकटी होती.

"'...रविवारी सकाळी मी आणि माझी एक मैत्रीण सम्यूरला पोचलो,'" सर वाचत होते. त्यांचं वाचन पहिल्यापासून सुरेख. "'मैत्रिणीला तिथली माती बघायची होती, मला तिथली मोहरी चाखायची होती...'" लोक हसले. कोणीतरी टाळी वाजवली.

"सर," रंगुबाई दारातून म्हणाली. "त्या मैत्रिणीचं नाव काय?"

दोनशे माणसांनी मागे वळून पाहिलं. पहिल्या रांगेतला कल्याण अर्धवट उठला. हेडसरांनी गहिनीनाथला हाताने खूण केली, पण गहिनीनाथ भिंतीला टेकून उभा राहिला, हलला नाही.

शामकांत सरांनी कागदाकडे पाहिलं. पान उलटून पाहिलं. "इथं नाव लिहिलेलं नाही."

"तुमाला ठावं हाय की. तुमीच शिकवलंय तिला."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग माईकमधून, पण हळू आवाजात म्हणाले, "सुकन्या."

"पुरं नाव घ्या, सर. बाकी समद्यांचं घेतलंय."

"सुकन्या आसाराम खाडे," ते म्हणाले.

"तेवढंच हुतं," रंगुबाई म्हणाली आणि पुऱ्या करपतील म्हणून लगबगीने मागे वळली.

जेवणाची रांग एक वाजता लागली. पाहुणे आधी, मग गावकरी, मग पोरं. रंगुबाई शिरा वाढत होती. कल्याण तिच्यापाशी न थांबता पुढे गेला. शामकांत सर ताट घेऊन आले आणि थांबले.

"रंगुबाई, ती तक्रार मी परत घ्यायला लावतो," ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि त्या यादीचं... मी आधीच बोलायला हवं होतं."

"तक्रार जाऊ द्या की त्या कार्यालयात," ती म्हणाली. "कुनीतरी वाचंल. ऐतवारी सुट्टी असती का न्हाई, ते लिहून धाडंल."

तिने सगळ्यांना वाढला होता तेवढाच, एक डाव शिरा त्यांच्या ताटात घातला. सर तरीही उभे होते. त्यांना अजून काही म्हणायचं होतं, किंवा तिने काही म्हणावं असं वाटत होतं.

"सरका पुढं, सर," रंगुबाई म्हणाली. "मागं लेकरं हुबी हायत."