गाडी थांबली, तरी मी चालू

बसा जरा. माझ्याकडून पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नका, अंगात त्राण नाही. ज्योतीरामच्या गॅरेजात, जुन्या बेअरिंगांच्या डब्याशेजारी फळीवर जो काळा, दोन नळ्यांचा ऐवज पडलाय ना, तो मी. विजेवर चालणारा पाण्याचा पंप. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरकडे ढकलायचं, निवलं की परत इंजिनात आणायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं हो. एकदा करून बघा!

माझी जुळणी तळवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. तिथं जयमाला नावाची बाई प्रत्येक पंपाला बॅटरी लावायची, पाण्यात फिरवायची आणि कानाशी धरायची. "हं, गातोय गं हा," असं माझ्याबद्दल म्हणाली आणि खोक्यात टाकलं. कौतुक म्हणाल तर तेवढंच वाट्याला आलं. पुढे दुकानात किती काळ धूळ खाल्ली ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

एक दिवस ज्योतीराम मला घेऊन आला. हा गडी लातूरकडचा. चाकणच्या रस्त्याला गॅरेज टाकून बसलाय. त्याच्याकडे एक जुनी जीप उभी होती, कोंडाजी आबांची. तिचं इंजिन पार बसलं होतं. आबांचा मुलगा ज्ञानेश, कंपनीत कामाला. त्याने एका मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन मिळवलं आणि जीपमध्ये बसवायला घेतलं. शिफ्ट सुटली की डबा हातात, तसाच गॅरेजात हजर. डोळे लाल, तोंडावर झोप, पण हात थांबायचे नाहीत.

"भाऊ, जरा घरी जाऊन झोपा की," ज्योतीराम म्हणायचा.

"झोपतो रे. कंपनीत दिवसभर एकच नट आवळतो मी. गाडी पुढे सरकते, मला दिसतसुद्धा नाही. ही एक तरी अख्खी माझ्या हातची होऊ दे."

नव्या इंजिनाचा स्वतःचा पंप जीपच्या सांगाड्याला अडायला लागला. तो काढून त्याची जागा झाकली आणि पाण्याचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या, वायर ओढली. राहिला फक्त इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. जुना काटा नव्या इंजिनाशी जुळेना.

"ऐका माझं, आधी काटा जोडू, मगच गाडी लांब न्या," ज्योतीराम म्हणाला.

पण ज्ञानेशला धीर कुठला? आबांनी अट घातली होती. तळेगावला भाचीचं, वर्षाराणीचं लग्न होतं. "मला आन् तुझ्या आईला न थांबता तिथवर न्हे. मंग ठिव तुझी जीप. पर वाटंत बसली, तर भंगारवाल्याला बोलवायचा. शब्द दे." ज्ञानेशने शब्द दिला होता. आता सगळं त्या एका फेरीवर येऊन ठेपलं होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ज्ञानेशने चाकणपर्यंत एक चक्कर मारली. काय गाडी पळाली म्हणून सांगू! दारात आणून उभी केली, किल्ली काढली आणि तो रात्रपाळीला जायचं म्हणून धावतच आंघोळीला गेला. मी मात्र फिरतच होतो. इंजिन बंद झालं तरी त्याच्या अंगातली धग लगेच जात नाही. ती निवेपर्यंत मला फिरावं लागतं. सगळ्यांची सुट्टी झाली की माझा ओव्हरटाइम सुरू होतो, मग कुरकुर करणार नाही तर काय!

ओसरीवर बसलेल्या आबांच्या कानावर माझी घरघर पडली आणि म्हातारा ताडकन उठला. जमीन कंपन्यांकडे जाईस्तोवर त्यांचा सगळा जन्म विहिरीवरच्या मोटारीमागे धावण्यात गेला होता. पाणी तळाला गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. म्हणून जेवता जेवता उठायचं, तापात उठायचं, पाहुण्यांना सोडून पळायचं. विहीर बुजली, पण कान तसेच राहिले. त्यातून जीपच्या जुन्या इंजिनाचा पंप पट्ट्यावर फिरायचा. इंजिन फिरलं की पाणी आपोआप फिरतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. मी म्हणजे पोराने बसवलेली कसलीतरी जादाची मोटार.

"मोटार चालूच ठिवून गेलं बघा येडं! जळाली म्हंजी?" असं पुटपुटत त्यांनी बॉनेट उघडलं.

आबा, थांबा, माझं काम व्हायचंय, असं मी जीव तोडून म्हणत होतो. ऐकतो कोण! त्यांनी वायरचं टोक ओढून काढलं. वर ओल लागू नये म्हणून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, धोतराची चिंधी बांधली आणि समाधानाने बॉनेट लावलं.

सकाळी ज्ञानेश पाळीवरून आला तो डोळ्यांवर पाणी मारून थेट गाडीतच बसला. शेजारी आबा, मागे आई रुक्मिणीबाई आणि आत्या जाईबाई. बॉनेट उघडून बघायला वेळ कुणाला होता? तळेगावच्या रस्त्याला कंटेनरांची ही रांग. गाडी इंच इंच सरकतेय, इंजिन तापतंय, आणि मी मेल्यासारखा पडून. पाणी जागच्या जागी उकळायला लागलं. काटा असता तर निदान कळलं तरी असतं.

तळेगाव दिसायच्या आधीच धाडकन आवाज झाला, बॉनेटमधून वाफ उसळली आणि जीप थांबली.

"तरी मी म्हनत हुते, एसटीनं जाऊ," जाईबाईंनी लगेच सुनावलं.

 फोन गेला तसा ज्योतीराम मोटारसायकलवर आला. त्याने आणि ज्ञानेशने बॉनेट उघडलं. इंजिनाचं वरचं डोकं वाकलं होतं, काम तमाम. मग ज्योतीरामचा हात त्या चिंधीवर गेला.

"हे कुणी बांधलं? ही गाठ माझी न्हाई."

ज्ञानेशने चिंधी पाहिली. तो त्या गाठी बघतच मोठा झाला होता, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने मान वर करून आबांकडे पाहिलं. आई आणि आत्याही बघत होत्या. एक वाक्य बोलला असता तर जीप भंगारात जायची वाचली असती. मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, बोल!

त्याने ज्योतीरामचा हात दाबला. "मीच काल वायर काढली होती बघायला. लावायची राहिली."

"पोरा, शब्द म्हंजी शब्द," आबा म्हणाले.

"हो आबा."

जीप पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याच्या टेम्पोवर चढली. त्याआधी ज्योतीरामने मला सोडवून या फळीवर ठेवलं. बाप-लेक दोघेही आले होते. टेम्पो वळणाआड गेला तरी ज्ञानेश रस्त्याकडेच बघत होता. आबांना पोराची दया आली असावी. त्यांनी मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, धोतराने पुसलं.

"जिवाला लावून घिऊ नगं. ही मोटार तरी वाचली का न्हाई? बरं झालं, मी आदल्या दिशी सांच्यालाच बंद केली हुती. न्हाई तर ही बी जळाली असती."

ज्ञानेशने मला त्यांच्या हातातून घेऊन फळीवर ठेवलं. "व्हय आबा," तो म्हणाला, "तुमच्यामुळंच वाचली."

आबांचा चेहरा केवढा खुलला! ते ज्योतीरामला विहिरीच्या गोष्टी सांगत बसले. ज्ञानेशने डबा उचलला आणि तो शिफ्टला गेला.

झालं, एवढंच सांगायचं होतं. मी दमलोय, पण बिघडलेलो नाही. कुणाला लागलो तर न्या, नाहीतर इथं बरा आहे. पण कंपनीच्या बसची वाट बघत तो ज्ञानेश कुठे उभा दिसला, तर दोन मिनिटं त्याच्याजवळ थांबा हो. त्याने ही गोष्ट अजून घरात कुणाला सांगितलेली नाही.