हरलेल्यांचं पाणी

घंटेचा एक टोल पडला. बंबमामांनी कान देऊन दुसऱ्याची वाट पाहिली, पण तो काही पडला नाही. म्हणजे लाल घर जिंकलं आणि पिवळं हरलं. लागोपाठ सातव्या शनिवारी हरलं.

मुलांची निवासी शाळा होती ती. थंडी अशी, की सकाळी मैदानातलं गवत बुटांखाली करकर वाजायचं. मुलांची दोन घरं, दोन न्हाणीघरं, आणि दोन्हींना पाणी पुरवणारा बंब मात्र एकच. हिवाळाभर दर शनिवारी फुटबॉलचा सामना, आणि सामन्यानंतर जिंकलेल्या घराला कढत पाणी, हरलेल्याला गार. हा नियम कुणी केला देव जाणे. यानं मुलं घडतात, असं जो तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि सांगणारे सगळे स्वतः मात्र वाफाळत्या पाण्यानं अंघोळ करायचे! मुलं घडवण्याचं खरं काम बंबखान्यातल्या या माणसाच्या वाट्याला आलं होतं. गेले सव्वीस हिवाळे घंटेचे टोल मोजून ते डावीकडचा नाहीतर उजवीकडचा व्हॉल्व्ह बंद करत आले होते. त्यांचं खरं नाव मुलांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही आता त्याची फारशी गरज पडत नव्हती.

मामांनी पिवळ्यांच्या व्हॉल्व्हला हात घातला, तेवढ्यात कोळशाच्या ढिगामागे खसखस झाली.

"कोण आहे रे तिकडे?"

बाहेर आला तो पिवळ्यांचा गोलकीपर. बारा वर्षांचं किरकोळ पोर, हातमोजे अजून हातातच, गुडघे काळेनिळे.

"मामा, थोडा वेळ बसू द्या ना इथे. सगळ्यांची अंघोळ झाली की जातो."

"गार पाण्याला घाबरलास होय? एवढा मोठा गोलकीपर तू!" मामांनी नेहमीची थट्टा केली.

"पाण्याला कोण घाबरतंय? पाणी परवडलं." पोरगा नाक पुसत म्हणाला. "माझ्यामुळे सगळ्यांना गार पाणी मिळतं म्हणतात. मागच्या शनिवारी मला नळाखाली धरून ठेवलं होतं. सगळ्यांचं उरकेपर्यंत."

"कुणी? लालवाल्यांनी?"

"छे, आमच्याच चौघांनी." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. गोल माझ्याकडूनच गेले ना."

मामांना हे शेवटचं वाक्य फार लागलं. मुलं खोकतात, ओठ निळे पडतात, हे त्यांना सव्वीस वर्षं दिसत होतं. चालायचंच, पोरं आहेत, असं म्हणून ते गप्प बसायचे. पण आपण इथून सोडलेलं गार पाणी चार जणांच्या हातून जाऊन सगळ्यांत लहान पोराच्या डोक्यावर पडतं, आणि वर ते पोर 'बरोबरच आहे' म्हणतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. त्यांनी व्हॉल्व्हवरचा हात काढून घेतला.

भिंतीपलीकडे आधी नुसती पावलं वाजली, मग कुणीतरी किंचाळलं, "अरे, गरम! गरम आहे रे!" आणि नुसता गोंधळ उडाला.

"जा आता," मामा म्हणाले. "आज कुणी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

पाचच मिनिटांत खेळाचे सर तरातरा आले. गळ्यात शिट्टी, अंगात जाडजूड कोट.

"मामा, व्हॉल्व्ह चुकला तुमचा."

"नाही चुकला, सर."

"पिवळे हरलेत!"

"ऐकला ना टोल. पण हरल्यावर अंगाला चिखल कमी लागतो का?"

"मामा, मस्करी पुरे. मीही याच शाळेत शिकलो. पिवळ्याच घरात होतो. गार पाण्यानं अंघोळ केली, मेलो नाही काही."

"मेला नाहीत, पण रडला होतात," मामा म्हणाले. "भिंत पातळ आहे, सर. इकडे सगळं ऐकू येतं. तेव्हाही व्हॉल्व्ह मीच बंद केला होता."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. गळ्यातली शिट्टी मुठीत धरून ते तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावणं पाठवलं. ते ओरडले नाहीत, खुर्ची दिली, तब्येतीची चौकशी केली, आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. शिस्तभंगाबद्दलची माफी होती ती. पुढच्या शनिवारी सामन्याआधी मैदानात, सगळ्या मुलांसमोर वाचायची. नाहीतर त्याच दिवशी बंबखान्याची किल्ली द्यायची आणि राहती खोली रिकामी करायची.

"चार ओळी तर आहेत, मामा," ते म्हणाले. "निवृत्तीला दोनच हिवाळे राहिलेत तुमच्या. कशाला उगाच हट्ट?"

मामांची बायको शाळेच्या धोबीखान्यात मुलांचे मोजे रफू करायची. त्या संध्याकाळीही तिच्या मांडीवर मोज्यांचा ढीग होता. तिनं कागद वाचला आणि परत दिला.

"एक विचारू? सव्वीस वर्षं कुठे होती ही दया?"

मामांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"व्हॉल्व्ह बंद करताना हात दुखला नाही कधी?"

"नाही दुखला. तेच तर डोक्यातून जात नाही."

तिनं ढिगातला पुढचा मोजा उचलला. खोली एवढीशी, पण तिचा जीव होता तिच्यात. खिडकीला पडदा तिनं शिवलेला, भिंतीला रंग दोघांनी मिळून दिलेला. इथून निघालं तर भावाच्या दारात जावं लागणार होतं, आणि भावजयीचा स्वभाव तिला पुरता ठाऊक होता.

"वाचणार आहात का तो कागद?"

"बघू."

"बघू-बिघू नको. काय ते आत्ता सांगा, म्हणजे मला भांडी बांधायला घेता येतील. आयत्या वेळी माझी धांदल नको."

 शुक्रवारी मामा कामावरून आले तेव्हा अर्धी भांडी बांधून झाली होती.

शनिवारी ऊन पडलं होतं, पण त्यात धग म्हणून नव्हती. मुलं दोन रांगांत उभी, अर्ध्या चड्ड्या, तोंडातून वाफा. मुख्याध्यापकांनी शिस्तीवर दोन शब्द सांगितले आणि मामांना पुढे बोलावलं. मामांनी चष्मा लावला, कागद उघडला.

"मी आपल्या सर्वांची माफी मागतो," त्यांनी वाचलं. मग कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"पुढचं मी तोंडी सांगतो. सव्वीस हिवाळे तुमच्यातल्या हरलेल्यांचं पाणी मी बंद केलं. मला कुणी धरून बांधून करायला लावलं नव्हतं. करतात सगळे म्हणून केलं, डोकं न चालवता केलं. त्याची माफी मागतोय मी. मागच्या शनिवारी गरम पाणी सोडलं त्याची नाही. त्याची कधीच मागणार नाही."

"मामा!" मुख्याध्यापक उठले.

"झालंच, साहेब. पोरांनो, आज कुणीही हरा, पाणी गरम मिळेल. आणि गोल गेला म्हणून कुणी कुणाला नळाखाली धरलं, तर त्यानं आधी बंबखान्यात येऊन मला धरून दाखवावं."

टाळी कुणी वाजवली नाही. कुणाची हिंमत होती? पण पिवळ्यांच्या रांगेतल्या चार मोठ्या मुलांनी माना खाली घातल्या, आणि गोलकीपर मात्र ताठ समोर बघत होता. मामा पाठ फिरवून बंबखान्यात गेले आणि कोळसा टाकायला लागले.

सामना संपला, मुलं न्हाणीघरांत घुसली. थोड्या वेळानं खेळाचे सर दारात येऊन उभे राहिले.

"किल्ली मागितलीय साहेबांनी," ते हळूच म्हणाले. "नवीन माणूस मिळेपर्यंत इथलं मला बघायचंय."

मामांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "कोळसा दर वीस मिनिटांनी टाकायचा. डावीकडचा लाल, उजवीकडचा पिवळा. आजही एकच टोल ऐकला मी. पिवळेच हरलेत ना?"

"हो."

"मग करा बंद. आता तुमच्या हातात आहे. मी थांबतो, तुम्हाला जमतंय का बघतो."

सरांनी उजव्या व्हॉल्व्हवर हात ठेवला. पलीकडे पोरांचा दंगा चालला होता, कुणीतरी बेसूर गात होतं, कुणी साबण मागत होतं. सर तसेच उभे राहिले. मग त्यांनी कोट काढून खिळ्याला अडकवला, फावडं उचललं आणि विचारलं, "वीस मिनिटांनी म्हणालात ना?"

"थंडी जास्त असली तर पंधरा," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

खोलीसमोर हातगाडी भरून तयार होती. बायकोनं दाराला कुलूप घातलं होतं आणि ती पदर खोचून गाडीचा दोर आवळत होती.

"सगळ्यांना मिळालं का गरम?" तिनं विचारलं.

"मिळतंय."

"मग पुढून ओढा तुम्ही," ती म्हणाली. "मी मागून लावते जोर."